कलियुगभीम प्रोफेसर राममूर्ती

स्मरणिकेच्या पानांतून एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचा प्रघात जुना आहे. बहुधा ते आपल्याच ज्ञातीतील एखाद्या दानशूर गृहस्थाचे अथवा विद्वानाचे असते. यंदा आम्ही तो प्रघात किंचित मोडीत आहोत. ज्यांचे चरित्र येथे देत आहोत ते आपल्या ज्ञातीचे नव्हते आणि त्यांची मातृभाषाही मराठी नव्हती. तथापि एके काळी प्रोफेसर राममूर्ती हे नाव महाराष्ट्रात आबालवृद्धांस ठाऊक होते, व बलदंड माणसास त्यांची उपमा देण्याची रीत होती.

ही निवड करण्यास कारण आहे. आपल्या बहुतेक कुटुंबांत मांसाहार वर्ज्य आहे आणि बहुतेक कुटुंबांत आज एक वादही चालू आहे. व्यायामशाळेत जाऊ लागलेला मुलगा म्हणतो की अंडी व मांस यांवाचून शरीर भरणार नाही. घरात परवानगी नसेल तर तो बाहेर चोरून खातो, अथवा हजारो रुपये मोजून प्रथिनांच्या भुकटीचे डबे आणतो. वडील म्हणतात की आपला सात्त्विक आहार सर्वांत श्रेष्ठ आहे. मात्र त्यांनी स्वतः कित्येक वर्षांत एक सूर्यनमस्कार घातलेला नसतो. ह्या वादात दोन्ही बाजूंनी राममूर्तींचे चरित्र लक्षपूर्वक वाचावे, अशी आमची विनंती आहे.

हा वाद नवा नाही. इंग्रजांचे राज्य मांसाहाराच्या बळावर टिकले आहे, ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडील सुशिक्षितांत खोल रुजली होती. महात्मा गांधींनी आत्मचरित्रात नमूद केले आहे की राजकोटास शाळेत असताना, बलवान होऊन इंग्रजांस घालवावे ह्या हेतूने, त्यांनी सुमारे वर्षभर अधूनमधून चोरून मांस खाल्ले. ते त्यांनी सोडले ते आईबापांशी खोटे बोलणे असह्य झाले म्हणून. उलट लोकमान्य टिळकांचे उदाहरण पाहावे. १८७३ साली डेक्कन कॉलेजात गेल्यावर आपली प्रकृती अशक्त आहे हे ध्यानी येताच त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूस सारून तालीम, पोहणे व नौकानयन यांत घालविले, आणि जन्मभर पुरेल असे शरीर कमाविले. एक वर्ष मागे पडल्याचा त्यांस कधी पश्चात्ताप झाला नाही. ह्याच काळाच्या मुशीतून राममूर्ती घडले.

कोडी राममूर्ती नायडू यांचा जन्म १८८२ च्या सुमारास आजच्या आंध्र प्रदेशातील वीरघट्टम् ह्या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव वेंकन्ना. बालपणीच ते विजयनगरम् येथे चुलते नारायणस्वामी यांच्याकडे राहावयास गेले. (हंपीचे विजयनगर ते वेगळे, हे पूर्व किनाऱ्याजवळील संस्थानाचे गाव होय.) चुलते पोलीस खात्यात होते. पुतण्याचे मन पुस्तकांपेक्षा आखाड्यात अधिक रमते, हे पाहून त्यांनी त्यास तालमीत घातले. पुढे राममूर्तींनी मद्रासेजवळील सैदापेठ येथे शारीरिक शिक्षणाचा रीतसर अभ्यासक्रम पुरा केला व विजयनगरम् येथे परतून शाळेत व्यायामशिक्षकाची नोकरी धरली. शाळेच्या पटांगणात मुलांकडून कवायत करून घेणारा हा शिक्षक पुढे हिंदुस्थानभर गाजेल, असे त्या वेळी कोणास वाटले असेल!

नोकरीच्या चाकोरीत ते फार काळ राहिले नाहीत. सर्कशीचा धंदा आपल्या लोकांस त्या सुमारास नवा नव्हता. १८८० साली मुंबईस विष्णुपंत छत्रे यांनी पहिली हिंदी सर्कस उभी केली, आणि त्यांच्यामागून म्हैसाळच्या देवलांसारख्या मराठी मंडळींनी हा धंदा देशभर नेला. १९०५ च्या सुमारास युरोपातील प्रख्यात बलवान सँडो हिंदुस्थानात येऊन गेला आणि कमावलेल्या शरीराचे वेड शहराशहरांतील तरुणांस लागले. अशा वेळी राममूर्तींनी स्वतःची सर्कस काढली. तिचे मुख्य आकर्षण वाघ-सिंह नव्हते. ते स्वतः राममूर्ती होते.

त्यांच्या प्रयोगांची वर्णने आजही वाचकांस चकित करितात. अंगाभोवती लोखंडी साखळी गुंडाळून, श्वास भरून व खांदे ताणून ती ते तोडीत. दोन बाजूंस ओढणाऱ्या दोन मोटारी ते दोरांनी रोखून धरीत. छातीवर फळी ठेवून तिच्यावरून माणसांनी भरलेली गाडी, एवढेच नव्हे तर हत्ती चालवीत. प्रेक्षकांस ह्यात दैवी चमत्कार दिसे. आम्हांस मात्र त्यातील शास्त्र अधिक महत्त्वाचे वाटते. छातीवरील फळीमुळे भार एका जागी न पडता विस्तीर्ण भागावर विभागला जाई, आणि हत्ती फळीवर क्षणभरच असे. श्वास भरून रोखला असता धड आतून ताठ होते व कण्यास आधार मिळतो. आजचे वजन उचलणारे खेळाडूही अवजड वजनाच्या क्षणी हेच करितात. त्या काळच्या मोटारींची अश्वशक्तीही आजच्या मानाने पुष्कळ कमी होती. हे सांगण्याने राममूर्तींचा मोठेपणा अणुमात्र उणा होत नाही, कारण फळीखाली असणारी छाती व कणा शेवटी त्यांचाच होता, आणि तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीने सिद्ध झालेला होता. तरुण वाचकांनी मात्र ह्या प्रयोगांचे अनुकरण चुकूनही करू नये.

त्यांची कीर्ती हां हां म्हणता पसरली. महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांनी त्यांच्या प्रयोगांचे कौतुक करून त्यांस उत्तेजन दिले. लोकांनी त्यांस कलियुगभीम ही पदवी दिली. बंगालमध्ये त्यांचे प्रयोग पाहून भवेंद्रमोहन साहा नावाचा तरुण त्यांच्या सर्कशीत दाखल झाला, त्यांच्याबरोबर रंगून, सिंगापूर, जावा असा फिरला आणि पुढे भीम भवानी ह्या नावाने स्वतः प्रसिद्धीस पावला. इंग्लंडात बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्यासमोर राममूर्तींचा प्रयोग होऊन त्यांस हिंदी हर्क्युलिस म्हणण्यात आले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या काळी हिंदी माणूस म्हणजे दुबळा, असे परके उघड म्हणत आणि आपले मनातल्या मनात मानीत, त्या काळी ह्या एका देहाने केलेले उत्तर शंभर व्याख्यानांहून मोठे होते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. राममूर्ती शाकाहारी होते. त्यांचा व्यायाम जोर, बैठका व प्राणायाम ह्या देशी पद्धतीवर उभारलेला होता. शाकाहारी मल्लांचा खुराक आपल्या तालमींस अपरिचित नाही. भरपूर दूध, तूप अथवा लोणी, बदामाची थंडाई, डाळी, दही आणि पोटभर धान्य हा त्याचा गाभा होय. जोर-बैठकांचे आकडे शेकड्यांनी नव्हे, हजारांनी मोजले जात, आणि त्या मेहनतीनंतर पुरेशी विश्रांतीही घेतली जाई.

येथे एका मोहापासून आपण सावध राहिले पाहिजे. राममूर्ती शाकाहारी होते म्हणून बलवान झाले, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. त्यांच्याच काळचा अजिंक्य मल्ल गामा मांसाहारी होता. १९१० साली लंडनमध्ये झिबिस्कोशी त्याची कुस्ती बरोबरीत राहिली, आणि १९२८ साली पाटियाळास त्याच झिबिस्कोस त्याने एका मिनिटाच्या आत चीत केले. मग दोघांच्या चरित्रांत समान ते काय होते? दूध, तूप व बदाम दोघांच्याही खुराकात होते. हजारो बैठका दोघेही काढीत. लहानपणापासून वस्तादाच्या नजरेखाली दोघांचीही अंगे तयार झाली. सामर्थ्याचे मूळ ह्या समान गोष्टींत आहे. मांसाने ते आपोआप येत नाही आणि शाकाहाराने ते अडतही नाही. तेव्हा मांस खाणाऱ्या शेजाऱ्यास कमी लेखण्याचा अधिकार शाकाहार आपणांस देत नाही, आणि दुबळे राहण्याची सबबही देत नाही.

आजचे आहारशास्त्र ह्याच निर्णयास दुजोरा देते. व्यायामाने ताण पडलेल्या स्नायूंची दुरुस्ती व वाढ होते ती प्रथिनांच्या पुरवठ्यावर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसास दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात; म्हणजे ६० किलो वजनाच्या तरुणास ५० ग्रॅम. वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्यास दर किलोस सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत लाभ होतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासात आढळले. ६० किलोच्या हिशेबाने हे ९६ ग्रॅम झाले. त्याहून अधिक प्रथिने घेतल्याने स्नायूंची वाढ फारशी अधिक होत नाही.

हे ९६ ग्रॅम आपल्या स्वयंपाकघरात मिळतात काय? आमच्या गृहिणींनी हिशेब करून पाहावा. एक लिटर दुधात, ते दही किंवा ताकरूपाने घेतले तरी, सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने असतात. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत अथवा मटकी-हरभऱ्यात सुमारे २२ ग्रॅम. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम, शेंगदाण्यांत १२ ग्रॅम. ज्वारी वा गव्हाच्या ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरी-पोळ्यांत सुमारे ३० ग्रॅम. बेरीज ९६ होते. इतके दूध परवडत नसेल त्यांनी अर्ध्या लिटरऐवजी ५० ग्रॅम सोयाबीन घ्यावे. त्यात १८ ग्रॅम मिळतात.

धान्याच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो, तो डाळी भरून काढतात. डाळींत मिथिओनीन कमी असते, ते धान्य पुरविते. वरणभात, भाकरी व उसळ, पिठले ही जोडणी आपल्या आज्या-पणज्यांनी शास्त्र न शिकता साधली होती. दोष जोडणीत नाही, प्रमाणात आहे. आपल्या पुष्कळ घरांत वरण म्हणजे पिवळे पाणी, उसळ म्हणजे ताटाच्या कडेस दोन चमचे आणि उरलेले ताट भाताने भरलेले, अशी स्थिती असते. अशा ताटावर वाढलेला मुलगा व्यायामशाळेत मागे पडला म्हणजे दोष शाकाहारास दिला जातो.

एक उणीव मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नात भरवशाने मिळत नाही. दूधदुभते नियमित न घेणाऱ्यांनी, आणि हल्ली दूधही वर्ज्य करणारे जे तरुण आपल्या कुटुंबांत दिसू लागले आहेत त्यांनी तर अवश्य, वैद्यकीय सल्ल्याने त्याची गोळी घ्यावी. ह्यात व्रतभंग नाही. हे सर्व मुलींसही तितकेच लागू आहे. ताटात उसळ वाढताना मुलगा व मुलगी हा भेद करणाऱ्या घरास बलोपासनेचे नाव घेण्याचा अधिकार पोहोचत नाही.

राममूर्तींचे शेवटचे दिवस क्लेशाचे गेले. त्यांस पायाचे दुखणे जडले व पाय कापावा लागला, असे त्यांच्या चरित्रांत येते. जानेवारी १९४२ मध्ये ओरिसातील बलांगीर येथे ते निवर्तले. हत्ती पेलणारा देहही व्याधीपुढे नमला, हे वाचून मन विषण्ण होते. परंतु बलोपासना अमरत्वासाठी नसते. लाभलेले आयुष्य ताठ कण्याने जगता यावे, एवढ्यासाठीच ती असते. आज विशाखापट्टणच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा आहे.

तो पुतळा पाहावयास आपल्यांपैकी थोडेच जातील. पण राममूर्तींचे स्मारक प्रत्येक घरात होऊ शकते, आणि त्यास वर्गणीची गरज नाही. वडिलांनी उद्या पहाटे मुलाबरोबर स्वतः दहा जोर काढावेत. आईने उसळीची वाटी मोठी करावी. मुलाने चोरून खाण्याऐवजी मनातील शंका घरात उघड मांडावी, आणि तिला रागाने नव्हे तर हिशेबाने उत्तर मिळावे. गांधींना मांसापेक्षा जड झाले ते आईबापांपासून लपविणे. आपल्या मुलांवर तो भार पडू न देणे वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. ज्ञातीतील प्रत्येक तरुण व तरुणी सुदृढ, निर्व्यसनी व दीर्घायुषी होवो, अशी परमेश्वराची प्रार्थना करून आम्ही हे चरित्र येथे पुरे करितो.