टॉवरला पडवी देणारा माणूस

गोराईच्या जेट्टीवरून खाडीपलीकडे बोरिवलीकडे बघा. खारफुटीच्या मागे नुसते टॉवरच टॉवर. आता मागे वळून गावात शिरा. जुन्या घरांपुढे पडवी दिसेल. ऊन आणि पावसाची झड तिथेच अडते, वारा तेवढा आत येतो. ही पडवी २८ मजली इमारतीत नेली तर? मुंबईत हे करून दाखवलं आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी.

कुटुंब मूळचं गोव्याचं, जन्म १९३० मध्ये सिकंदराबादला. मुंबईत सेंट झेवियर्स, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी. तिकडेच सेटल होता आलं असतं, पण ते परत आले आणि १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचं ऑफिस थाटलं. साबरमती आश्रमातलं गांधी संग्रहालय १९६३ मध्ये पूर्ण झालं, तेव्हा ते जेमतेम ३३ वर्षांचे होते. तिथल्या खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी झडपा आहेत.

मुंबईतला पेच वेगळाच. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं कडक ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. कंबाला हिलवरच्या 'कांचनजंगा'त (१९८३) कोरियांनी यावर उपाय काढला. फ्लॅट पूर्व-पश्चिम आरपार ठेवले, म्हणजे वारा खेळता राहतो. कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या कोरल्या आणि खोल्या त्यांच्या आड घेतल्या. झाली की पडवी!

पण तिथे फ्लॅट फक्त ३२, तेही श्रीमंतांचे. बाकीच्यांचं काय? हा प्रश्न कोरियांना आधीपासून सतावत होता. प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत त्यांनी १९६४ मध्येच खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायची कल्पना मांडली होती. पुढे सिडकोत ते मुख्य आर्किटेक्ट झाले. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये त्यांनी बैठी घरं केली. प्रत्येकाला स्वतःचं अंगण, आणि शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे हवं तेव्हा घर वाढवता येईल.

सगळं मनासारखं झालं नाही. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९६ मध्ये नेमलेल्या समितीचे ते प्रमुख होते, पण त्यांचा आराखडा बाजूलाच पडला. तिथे आज काय उभं आहे, ते लोअर परळला उतरलात की दिसतंच.

१६ जून २०१५ रोजी कोरिया गेले, तेव्हा तुम्ही शाळेत असाल. आता घरी एखाद्या नव्या टॉवरचं ब्रोशर आलं, तर स्विमिंग पूल आणि जिम नंतर बघा. आधी विचारा, एसी बंद केला तर या घरात वारा कुठून येणार?