मोरोपंत : पन्हाळ्यावर जन्मलेले आर्याकवी

आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांची एक तरी सहल पन्हाळ्याला जातेच. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी बघून मुलं खाली येतात. पण याच गडावर १७२९ साली मोरेश्वर रामाजी पराडकर, म्हणजे कवी मोरोपंत जन्मले, हे सांगायचं राहून जातं.

पराडकर घराणं मूळ कोकणातलं, सौंदळचं. मोरोपंतांचं शिक्षण मात्र गडावरच झालं. केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या गुरूंकडे त्यांनी संस्कृत काव्य, व्याकरण, अलंकार यांचा कसून अभ्यास केला. पंचविशीच्या आत ते बारामतीला गेले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पुराणिक झाले. पुढचं सगळं आयुष्य तिथेच गेलं.

पुराणिक हा शब्द मुलांना समजावून सांगावा. संस्कृत पुराण समोर ठेवायचं आणि श्रोत्यांना ते मराठीत उलगडून सांगायचं, हे त्याचं रोजचं काम. मोरोपंतांची कविता समजायला हे फार उपयोगी पडतं, असं मला वाटतं. पांडित्य संस्कृतचं, पण समोर बसलेली माणसं मराठी! महाभारताची अठराही पर्वं त्यांनी मराठी आर्येत आणली, ते आर्याभारत. कीर्तनकारांनी या आर्या गावोगाव नेल्या. ओवी ज्ञानेश्वरांची, अभंग तुकोबांचा, तशी आर्या मोरोपंतांची, असं लोकच म्हणू लागले.

आता ही आर्या म्हणजे काय? इथे अक्षरं मोजायची नाहीत, मात्रा मोजायच्या. ऱ्हस्व अक्षर लघू, त्याची एक मात्रा; दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. गावांच्या नावांपासून सुरुवात केली की मुलं लगेच धरतात. बारामती : दोन, दोन, एक, दोन, म्हणजे सात. कोल्हापूर : दोन, दोन, दोन, एक, म्हणजे पुन्हा सातच! पन्हाळा मात्र पाच, कारण इथे जोडाक्षर असूनही आधीच्या 'प'वर आघात येत नाही, तो लघूच राहतो. आर्येच्या चार चरणांत बारा, अठरा, बारा, पंधरा अशा मात्रा असतात. चौथ्या चरणातही अठरा आल्या की ती गीती. खरं तर मोरोपंतांच्या बहुतेक आर्या गीतीच आहेत.

रामायण तर त्यांनी एकशेआठ प्रकारे रचलं, अशी ख्याती आहे. त्यातलं निरोष्ठ रामायण मला सगळ्यात आवडतं. ओठाला ओठ लावून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरं त्यात वर्ज्य. वर्गात मुलांना 'राम' म्हणायला लावा, ओठ मिटतातच. म्हणजे ज्याची कथा सांगायची, त्याचंच नाव घ्यायचं नाही! रामाला दुसऱ्या कोणत्या नावांनी हाक मारता येईल, हे मुलांनाच शोधू द्या. रघुनंदन म्हटलं तर चालेल, रघुपती नाही. समानार्थी शब्दांचा आणि वर्णस्थानांचा पाठ एकदमच होतो.

अशा कसरतींमुळेच त्यांच्यावर टीकाही झाली. यमकासाठी शब्द ओढूनताणून आणतात, कविता रुक्ष होते, असा आक्षेप. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्यांची जोरदार बाजू घेतली. मला विचाराल तर आक्षेपात तथ्य आहे. काही आर्या कोडं सोडवल्यासारख्या सोडवाव्या लागतात. पण याच कवीने बायकांना म्हणता यावीत अशी सीतागीत, सावित्रीगीत यांसारखी सोपी गीतंही लिहिली. अवघड तेवढंच जमत होतं, असं नाही.

उतारवयात त्यांनी केकावली लिहिली. इथे आर्या बाजूला ठेवून पृथ्वी वृत्त घेतलं. हे अक्षरगणवृत्त, प्रत्येक चरणात सतरा अक्षरं. कथा नाही, चमत्कृतीचा हव्यासही कमी. देवापुढे केलेली थेट विनवणी आहे. १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला बारामतीत त्यांचं निधन झालं. केका म्हणजे मोराची आर्त साद. मयूर म्हणजे मोर, आणि कवीचं नाव मोरोपंत. श्लेष शिकवायला इतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही.