दगडगोट्यांचा इतिहास वाचणारे हिस्लॉप

विद्यार्थी मित्रांनो, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ज्यांच्या नावानं १८८३ साली ते कॉलेज निघालं, त्या स्टीफन हिस्लॉप यांची आज ओळख करून घेऊ.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. ते ख्रिस्ती मिशनरी होते. १८४५ साली ते नागपूरला आले. तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. ते मराठी शिकले आणि १८४६ साली त्यांनी शाळा काढली.

कामानिमित्त ते खेडोपाडी फिरत. फिरताना त्यांची नजर जमिनीवर असे. आपण ज्या गोट्याला ठोकर मारून पुढे जातो, तोच ते उचलून निरखून पाहत. रॉबर्ट हंटर हे त्यांचे सोबती होते. १८५१ साली नागपूरजवळच्या टाकळीला या दोघांना काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये गोगलगायी, बिया आणि लाकडं सापडली. सगळी दगड झालेली, बरं का!

ती तिथं आली कशी? आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हारस. एक थर पसरला की मध्ये बराच काळ शांत जाई. तळी साचत, झाडं वाढत. मग नवा लाव्हा येऊन सारं झाकून टाकी. ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कामठीजवळ सिल्लेवाड्याच्या वाळूच्या दगडात तर त्यांना याहून कितीतरी जुन्या पानांचे ठसे मिळाले. ही माहिती १८५५ साली लंडनला छापली गेली आणि आपल्या भागातले गोटे जगाला माहीत झाले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहायला गेले होते. संध्याकाळी घोड्यावरून एकटेच परतताना वाटेत नाल्याला पूर आला होता. त्यात बुडून त्यांचा अंत झाला. सेहेचाळीस वर्षं पुरी व्हायला चारच दिवस उरले होते. पुढे १९६८-६९ साली नागपूर विद्यापीठानं टाकळघाट-खापा इथं खोदकाम केलं, तेव्हा त्या वर्तुळांत लोखंडी अवजारं मिळाली.

मित्रांनो, वेगळा दिसणारा दगड सापडला तर फोडू नका, गुरुजींना दाखवा. आणि नाल्याला पूर असला तर पलीकडे जाण्याची घाई मुळीच करू नका. पाणी ओसरेपर्यंत थांबा.