विल्यम मॉरिस

विल्यम मॉरिस (२४ मार्च १८३४ – ३ ऑक्टोबर १८९६) हे इंग्लिश कवी, समाजवादी कार्यकर्ते आणि कापड व भिंतींचे कागद यांवरील नक्षीसाठी ख्यातनाम झालेले संकल्पक होते. यंत्रयुगात हस्तव्यवसायांना पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या चळवळीचे ते प्रेरणास्थान मानले जातात.

पूर्वायुष्य

मॉरिस यांचा जन्म लंडननजीकच्या वॉल्थमस्टो येथे एका सधन कुटुंबात झाला. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांच्याशी आजन्म मैत्री जडली. १८५९ मध्ये त्यांचा जेन बर्डन यांच्याशी विवाह झाला. वास्तुकार मित्र फिलिप वेब यांनी बांधून दिलेले 'रेड हाउस' हे घर सजवण्यासाठी मित्रमंडळींनी अनेक वस्तू स्वतःच घडविल्या. याच अनुभवातून १८६१ मध्ये त्यांची व्यापारी संस्था उभी राहिली. १८७५ मध्ये ती पूर्णपणे मॉरिस यांच्या मालकीची झाली.

वस्त्रांवरील नक्षी

'ट्यूलिप अँड विलो' ही नक्षी १८७३ मध्ये प्रशियन ब्लू या कृत्रिम रंगात छापून आली. तो रंग मॉरिस यांच्या पसंतीस उतरला नाही. त्यांना हवी होती ती नीळ. म्हणून १८७५ पासून ते लीक गावी टॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत वनस्पतिज रंगांचे प्रयोग करू लागले. १८८१ मध्ये त्यांनी वँडल नदीकाठी मर्टन ॲबी येथे स्वतःचा कारखाना थाटला. तेथे संपूर्ण कापड प्रथम निळीत बुडवून गडद रंगवीत. नंतर लाकडी ठशांनी विरंजक द्रव्य छापून नक्षीपुरता निळा रंग फिका करीत किंवा काढून टाकीत. मोकळ्या जागी तांबडा व पिवळा रंग भरला जाई. १८८३ मधील 'स्ट्रॉबेरी थीफ' ही नक्षी याच पद्धतीची आहे. बागेतील स्ट्रॉबेऱ्या पळविणारे कस्तूर पक्षी तीत चितारलेले आहेत.

ठशांनी छापलेल्या अशा कापडास इंग्रजीत असलेले 'चिंट्झ' हे नाव भारतीय 'छींट' या शब्दावरून आले आहे. मराठीतील 'चीट' त्याच कुळातला.

विचार आणि विसंगती

कला सर्वांच्या वाट्यास यावी, असा मॉरिस यांचा आग्रह होता. मात्र 'क्रे' या एका नक्षीसाठीच ३४ ठसे लागत. साहजिकच असे कापड महाग पडे आणि ते श्रीमंतांच्याच घरी जाई. ही विसंगती त्यांना सतत सलत राहिली. १८८३ मध्ये ते समाजवादी चळवळीत उतरले. त्यानंतर त्यांनी व्याख्याने आणि लेखन यांद्वारे कामगाराच्या श्रमातील आनंदाचा पुरस्कार केला.

अखेरचा काळ

१८९१ मध्ये त्यांनी केल्मस्कॉट मुद्रणालय सुरू केले. लंडनमधील हॅमरस्मिथ येथे त्यांचे निधन झाले. वॉल्थमस्टो येथील ज्या घरात त्यांचे तारुण्यातील काही दिवस गेले, तेथे १९५० पासून त्यांच्या कार्याचे संग्रहालय आहे.