क्लेसी कमिन्स यांची मोटार

मालवाहू ट्रक डिझेलवर चालतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण शंभर वर्षांपूर्वी डिझेल इंजिन फार जड असे. त्याची जागा गिरणीत किंवा जहाजात. ते मोटारीत बसेल, असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

क्लेसी कमिन्स यांचा जन्म २७ डिसेंबर १८८८ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, शेतकरी कुटुंबात झाला. शाळा आठवीपर्यंतच. मात्र लहान वयातच त्यांनी वाफेचे छोटे इंजिन बनवले होते. पुढे ते कोलंबस गावी विल्यम अर्विन या बँकमालकाकडे ड्रायव्हर म्हणून राहिले. मालकाने त्यांची हुशारी ओळखली. त्याच्याच पैशावर १९१९ साली डिझेल इंजिनांचा कारखाना निघाला. दहा वर्षे झाली, तरी नफा दिसेना. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि कारखान्याला टाळे लागण्याची वेळ आली.

तेव्हा कमिन्स यांनी एक वापरलेली पॅकार्ड मोटार घेतली. तिचे पेट्रोल इंजिन काढून तेथे आपले डिझेल इंजिन बसवायचे ठरवले. हे काम सोपे नव्हते. पेट्रोल इंजिनात ठिणगी इंधन पेटवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे हवा इतकी दाबली जाते, की ती तापते आणि तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेटते. एवढा दाब सोसणारे इंजिन भक्कम, म्हणून वजनदार असते. कमिन्स यांचे इंजिन तर बोटीसाठी केलेले! बॉनेटखाली ते कसेबसे मावले.

नाताळच्या दिवशी त्यांनी अर्विन यांना त्या मोटारीतून फिरवले. अर्विन यांनी पुन्हा पैसे घातले. कारखाना वाचला. जानेवारी १९३० मध्ये कमिन्स त्याच मोटारीने न्यूयॉर्कला गेले. ७९२ मैलांच्या प्रवासात तेलाला खर्च आला अवघा १ डॉलर ३८ सेंट.

१९३१ साली त्यांच्या डिझेल मोटारीने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत एकदाही न थांबता पुरी केली. नंबर तेरावा आला, ही गोष्ट वेगळी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एका घाटात त्यांच्या ट्रकचे ब्रेक निकामी झाले. समोर रस्ता ओलांडणारी मालगाडी! शेवटचा डबा सरकला आणि ट्रक थोडक्यात बचावला. तो प्रसंग ते विसरले नाहीत. उतारावर इंजिनानेच गाडी आवरणारा ब्रेक त्यांनी उतारवयात शोधून काढला. १९६१ मध्ये तो बाजारात आला. १९६८ साली कमिन्स यांचे निधन झाले.