रखमाबाईंची विलायतेची शिदोरी

भगिनींनो, सध्या आमच्या घरात एकच विषय चालू आहे. माझी नात डॉक्टरीचे शिक्षण घेत आहे व रुग्णालयातील अनुभवासाठी तिला काही महिने लंडनला जावयाचे आहे. सूनबाईंना काळजी वाटते, मुलाला खर्चाचा घोर लागला आहे. शेवटी सर्वांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा मला डॉ. रखमाबाईंची आठवण झाली.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. मोठेपणी त्यांनी सासरी जाण्यास नकार दिला, तेव्हा पतीने १८८४ साली हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. परंतु १८८७ साली, नांदावयास जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली पतीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

एखादी बाई एवढ्यावर थकून बसली असती. रखमाबाई मात्र १८८९ साली डॉक्टरी शिकण्यास विलायतेला निघाल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना उत्तेजन दिले. दोनच वर्षांपूर्वी डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून पदवी घेऊन, पण आजारी होऊन परतल्या होत्या व काम सुरू होण्याआधीच पुण्यात निवर्तल्या होत्या. अशा वेळी मुलीला बोटीवर चढविताना आई जयंतीबाईंच्या मनात काय आले असेल, ते आपण आयाबायाच जाणू शकतो.

लंडनमध्ये स्त्रियांसाठी काढलेल्या वैद्यकीय विद्यालयात त्या शिकल्या. या विद्यालयाच्या विद्यार्थिनींना १८७७ पासून रॉयल फ्री रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्णांजवळ उभे राहून शिकावयास मिळत असे. पुस्तके घरबसल्याही वाचता येतात. नाडी पाहणारा हात आणि अडलेल्या बाळंतिणीजवळ न डगमगणारे मन रुग्णालयातच तयार होते.

१८९४ साली डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयांत सेवा केली. सुरतेस आरंभी बायका बाळंतपणासाठी रुग्णालयात येण्यास भीत. तेव्हा रखमाबाईंनी एका गाभण शेळीला तेथे आणून तिची सुटका करून दाखविली आणि बायकांची भीती घालविली, असे सांगतात. ही युक्ती लंडनच्या कोणत्याही गुरूने शिकविली नसेल. हातातले कसब तिकडचे, पण आपल्या बायकांचे मन ओळखणे मात्र इकडचे. दोन्ही एकत्र आले म्हणून त्या शिक्षणाचे चीज झाले. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

मी सूनबाईंना हे सारे सांगितले. नुसते परदेशी जाऊन आल्याचा मान मिरवावयाचा असेल, तर तो खर्च वायफळच. पण तिकडे डोळे उघडे ठेवून शिकावे आणि इकडच्या रुग्णांसाठी ते वापरावे, अशी मुलीची इच्छा असेल, तर आपण तिची वाट का अडवावी?

विमानाचे भाडे मी माझ्या ठेवीतून देत आहे. नातीला अट एकच घातली आहे : परत आल्यावर काय शिकलीस, ते आधी आपल्या मंडळात येऊन सांगावयाचे. तेव्हा भगिनींनो, त्या दिवशी सर्वांनी अगत्याने यावे.