मंडळीचे वडील

विवेकानंद जयंतीच्या दिवसांत हिवरा आश्रमाची पंगत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे वर्णन सांगायला नको. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमाच्या मैदानावर माणसे मांडीला मांडी लावून बसतात आणि ट्रॅक्टरमधून पुरी व वांग्याची भाजी वाढत नेतात. शेजारी कोण बसले आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. मेहकर तालुक्यातल्या एका शाखेत मी काही वर्षे बँकेची नोकरी केली, तेव्हापासून ती पंगत माझ्या ध्यानात आहे.

विवेकानंदांचे नाव घेतले की १८९३ चे शिकागो आठवते. पण त्याच्याही वीस वर्षे आधी, १८७३ मध्ये, न्यूयॉर्कला भरलेल्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेत पागोटे बांधलेला एक मराठी माणूस बोलायला उभा राहिला होता. तो आला होता हिवरा आश्रमापासून फार दूर नसलेल्या जालन्याहून. त्याचे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री. जन्माने ब्राह्मण, आणि पाळक होता तो मुख्यतः मातंगांच्या मंडळीचा. त्या काळच्या भाषेत मांगांच्या.

हा माणूस तिथवर पोहोचला कसा, ते सांगायचे तर १८४३ च्या मुंबईत जावे लागेल. स्कॉटिश मिशनच्या शाळेत जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट शिकवीत. इंग्रजी विद्येसाठी चांगल्या घरांतले लोक आपली मुले तिथे पाठवीत, आणि मुले बाटणार तर नाहीत ना, या धास्तीने रात्री जागत. चारच वर्षांपूर्वी, १८३९ मध्ये, धनजीभाई नौरोजी या पारशी विद्यार्थ्याच्या बाप्तिस्म्याने शहर हादरले होते. आता पाळी शेषाद्रींच्या घराची होती. सप्टेंबर १८४३ मध्ये नारायणने बाप्तिस्मा घेतला, आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपती, जेमतेम बारा वर्षांचा, त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला.

बापाने सुप्रीम कोर्टात दाद मागितली. कोर्टाने श्रीपतीला बापाच्या ताब्यात दिले. खटला संपला, पण खरे भांडण तिथूनच सुरू झाले. मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्यांच्याकडे जेवला होता. त्याला आता जातीत परत घ्यायचे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे आले आणि प्रायश्चित्त देऊन मुलाला पदरात घ्यावे, असा पक्ष त्यांनी घेतला. सनातन्यांनी त्यांनाच वाळीत टाकण्याची भाषा केली. जिवंत, निरागस पोर दारात उभे, आणि दार उघडावे की नाही यावर मोठी माणसे शास्त्रार्थ करीत बसलेली! बाळशास्त्री १८४६ मध्ये गेले. शेवटची काही वर्षे या प्रकरणाचा ताप त्यांच्या डोक्याला होता.

थोरल्या भावासाठी तर दाराचा प्रश्नच उरला नव्हता. त्या काळी धर्मांतर केलेला मुलगा घराला मेल्यातच जमा. आई, बाप, भाऊ, सोयरे, सगळे एका दिवसात तुटले. हे लिहिताना मला त्याच्या धैर्याइतकीच त्याच्या घरच्यांची दया येते. दोन्ही बाजूंनी माणसेच होती, आणि दोन्हीकडे रडणे झाले असणार.

आता एक योगायोग पाहा. त्याच १८४३ सालच्या मे महिन्यात तिकडे स्कॉटलंडचे चर्च दुभंगले होते. गावाचा पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, या वादावरून साडेचारशेहून अधिक पाळक सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ काढले. घरे गेली, पगार गेले. विल्सन आणि नेस्बिट यांनी याच नव्या चर्चची बाजू धरली. म्हणजे नारायण ज्या मंडळीत गेला, ती साध्या माणसांनी आपला पाळक आपण निवडावा, या हट्टापायी नुकतीच बेघर झालेली होती.

या पंथाला प्रेस्बिटेरियन म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वडीलधारा. आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींत ‘वडील’ हाच शब्द रुळला. हे वडील मंडळीतलेच. कोणी शेतकरी, कोणी शिक्षक, कोणी मजूर. मंडळी त्यांना निवडते, मग प्रार्थनेने त्यांची नेमणूक होते. पाळक सभेच्या अध्यक्षस्थानी बसतो खरा, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर कारभार चालत नाही. आजाऱ्याच्या घरी जाणे, नवरा-बायकोचे भांडण मिटवणे, प्रभुभोजनाला कोणाला घ्यावे हे ठरवणे, चुकलेल्याला समज देणे, ही कामे वडिलांनी मिळून करायची. पगार नाही, मान तेवढा.

नारायणला १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १८६० नंतरच्या काळात त्याने जालन्याला ठाण मांडले. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात, लष्कराची छावणी असलेले गाव. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात गेलेले. म्हणजे मधली हद्द ओलांडली की राज्य बदलायचे. मांगवाडा मात्र दोन्हीकडे सारखाच, गावाबाहेर. दोरखंड वळायचे, केरसुण्या बांधायच्या, आणि पाण्यासाठी दुसऱ्याच्या हाताकडे पाहायचे. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने ‘ज्ञानोदया’त महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला होता. ज्यांच्याविषयी तिने लिहिले, त्यांच्याच वस्त्यांत हा ब्राह्मणाचा मुलगा जाऊन बसू लागला.

बाप्तिस्मा घेतला तरी गाव बदलत नव्हते. म्हणून त्याने जमिनीचा विचार केला. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जालन्याजवळ सवलतीने जमीन मिळवून त्याने नवे गाव वसवले आणि त्याला बायबलमधले नाव दिले, बेथेल, म्हणजे देवाचे घर. प्रार्थनामंदिर, शाळा, शेती आणि हाताला काम. अमेरिका आणि इंग्लंडकडचे त्याचे दौरे या कामाला हात मिळावा म्हणून होते.

बँकेच्या माणसाला यातली जमिनीची गोष्ट चटकन कळते. माझ्या शाखेत कर्जाच्या अर्जावर जामीनदाराची सही लागे. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याला कोणी जामीन राहत नसे, आणि तो स्वतः कोणाला जामीन राहू शकत नसे. प्रामाणिकपणात तो तसूभर कमी नसायचा, पण त्याच्या शब्दाला कागदावर किंमत नव्हती. मांगवाड्यातली कर्ती, पोक्त माणसे मी तशी परत जाताना पाहिली आहेत. अशा माणसाला चारचौघांत ‘वडील’ म्हणून निवडायचे, दुसऱ्याच्या घरचा तंटा त्याच्यापुढे आणायचा, आणि एका ब्राह्मण पाळकाच्या सभेत त्याच्या मताची गणती करायची, ही त्या पद्धतीतली वाट होती. गावात ज्याला वाकून बाजूला व्हावे लागे, त्याच्यासाठी ही वाट लहान नव्हती. मला बेथेलचे मोल शाळा-इमारतींपेक्षा यात अधिक दिसते.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. मिशनचा पैसा परदेशातून येई, आणि पैसा ज्याचा त्याचा शब्द थोडा जड होतोच. जातही नावाबरोबर पुसली गेली नाही. गावाच्या लेखी ख्रिस्ती मांग हा मांगच राहिला. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. म्हणजे गावाच्या नजरेत जात सुटत नाही आणि कायद्याच्या कागदावर ती उरत नाही, अशी त्यांची कोंडी.

नारायण शेषाद्री १८९१ मध्ये परदेशातून परतताना जहाजावरच वारले. स्कॉटिश परंपरेतल्या मंडळ्या पुढे एका छत्राखाली आल्या, आणि १९७० मध्ये उत्तर भारतातले अनेक पंथ एकत्र होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. नावे बदलली, तरी मंडळीतल्या माणसांनी आपला कारभार पाहण्यासाठी आपल्यातलेच चारजण निवडायचे, ही रीत टिकली आहे.

बाळशास्त्री आणि नारायण एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे होते. एकाने गेलेल्या मुलाला घरी आणण्यासाठी बोल सोसले, दुसऱ्याने घर सोडले. तरी दोघांपुढचा प्रश्न एकच होता, दाराबाहेरच्या माणसाला आत घ्यायचे की नाही. आपल्या भाषेत बापालाही वडील म्हणतात आणि मंडळीच्या कारभाऱ्यालाही. तरुणपणी ज्याचे जन्माचे वडील तुटले, त्याने उरलेले आयुष्य, ज्यांना कोणी वडीलकीचा मान दिला नव्हता, अशा माणसांना वडील म्हणण्याची सोय करण्यात घालवले.